तांबडा, पांढरा की तपकिरी? घरीच केस रंगवायचेत, शेड सुचवा

मंगळवार_पेठ
नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून रश्श्याचा धागा समजून आला असाल तर माफ करा. विषय माझ्या डोक्याचा आहे.

वय ४६. केस दाट, कमरेच्या चार बोटं वर. भांगाजवळ आणि दोन्ही कानशिलांवर पांढरे, मागे अजून काळेच. सात वर्षं दर महिन्याला मेहंदी लावते. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली, चहाचं पाणी आणि आवळा पावडर घालून. परिणाम असा की मागचे केस काळे-लालसर आणि पुढचे चक्क भगवे. परवा रंकाळ्यावर सकाळी फोटो काढला, तर डोक्यावर कुणीतरी गाजर किसल्यासारखं दिसत होतं.

पाडव्याला पुतणीचा साखरपुडा आहे, अजून तीन आठवडे आहेत. पार्लरमध्ये विचारून आले. त्यांनी लांबी बघून जो आकडा सांगितला तो ऐकून मी पर्स मांडीवरून खांद्यावर घेतली. घरीच करायचं ठरलंय. महाद्वार रोडवर दुकानात गेले तर एका फळीवर तीस-चाळीस खोकी, सगळ्यांवर गोऱ्यापान बायका. माझा रंग गहूवर्णी म्हणायचा, पण गहू जरा भाजलेला आहे.

मुलगी म्हणते बरगंडी. नवरा म्हणतो काळाच कर, वाद नको. माझं मन ब्राऊनवर आहे. साडी मोरपंखी, गळ्यात साज. काय करू?

दूधकट्टा_९वाजता
मी रश्श्यासाठीच आलो होतो. आलोच आहे तर बसतो. दाढी रंगवायची का हा माझाही प्रश्न आहे, पण आधी ताईंचं होऊ दे.

पुण्यातली_कोल्हापुरी
रंगवूच नका की! पांढरे ठेवा. मी दोन वर्षांपूर्वी सोडलं, काय सुख आहे म्हणून सांगू.

मंगळवार_पेठ
अगं, तुझं पुण्यात चालतं. इथे भाजी घेताना चार जणी विचारतात, "बरं नाही का?"

कात्री_कंगवा
ताई, मी राजारामपुरीत सतरा वर्षं पार्लर चालवलं. आता बंद केलं, गुडघे साथ देईनात. तरी सांगतो. (हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका 'सांगतो'च म्हणतो, पुणेकरांनी हसायचं नाही.)

पहिली गोष्ट, त्या खोक्यावरच्या बाईचा फोटो बघायचा बंद करा. तो रंग तिच्या केसांवर बसलाय, तुमच्या नाही. खोक्यावरचा नंबर बघा. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे रंग किती गडद. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिकट तपकिरी, असं चढत १० ला अगदी पिवळा पांढुरका. टिंबानंतरचा आकडा म्हणजे झाक. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे राखाडी झाक, .३ सोनेरी, .४ तांबूस, .५ महोगनी, .६ लाल. सगळ्या कंपन्यांचं एकसारखं नसतं, म्हणून खोक्याच्या बाजूचं वाचा. नुसतं ३ किंवा ४, किंवा पुढे शून्य, म्हणजे साधा रंग, झाक नाही.

आपल्या केसांची मूळ पातळी १ ते ३ मध्येच असते. काळ्या केसांवर ६ नंबर लावला म्हणून ६ दिसत नाही. घरचा कलर केस थोडाच उजळतो. मागचे काळे केस जेमतेम गडद तपकिरी होतील, ते पण उन्हात. आणि पुढचे पांढरे केस? तिथे काही अडवायलाच नाही, तिथे खोक्यावरचा रंग जसाच्या तसा उठतो. म्हणून पुढे पांढरे असलेल्या बाईनं ५ च्या वरचा नंबर घेतला की पुढचं डोकं एक आणि मागचं एक. सतरा वर्षांत अशा किती आल्या माझ्याकडे, डोक्याला रुमाल बांधून!

बरगंडीचं पण तसंच आहे. कॉलेजच्या पोरीच्या काळ्या केसांवर ती गोड दिसते. पांढऱ्या कानशिलांवर जांभळट गुलाबी चढते. लावायचीच असेल तर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला साधा ३ किंवा ४ निम्मा मिसळून लावायची.

तुमच्याकडे मेहंदीचा थर आहे, हा खरा पेच. आधी सांगा, मेहंदी कुठली? नुसती पाल्याची पूड की 'काळी मेहंदी' लिहिलेली पुडी?

गुजरी_गल्ली
आमचं तीन पिढ्यांचं सोन्याचं दुकान. केसांतलं कळत नाही, पण कुठल्या बाईला काय उजळतं ते रोज बघतो. ते मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या बघा म्हणतात ना, ते सावळ्या हातावर काही कामाचं नाही, सगळ्यांच्याच हिरवट दिसतात. त्यापेक्षा दिवसा खिडकीशी बसा, चेहरा धुतलेला, खांद्यावर पांढरा पंचा. एकदा सोन्याचं काहीतरी गळ्याशी धरा, एकदा चांदीचं. सोन्यानं चेहरा भरल्यासारखा दिसला तर तुमची कांती उबदार. चांदीनं खुलला तर थंड. दोन्ही चाललं तर तुम्ही भाग्यवान, खर्च दुप्पट. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मात्र हे करू नका. आमचे दिवे का पिवळे असतात ते सांगत नाही.

मंगळवार_पेठ
@गुजरी_गल्ली, करून बघितलं. साज धरला तर बरं दिसतं. सासूबाईंचे चांदीचे पैंजण गळ्याशी धरले तर आठवडाभर ताप आल्यासारखी दिसले. सासूबाई दारातून बघत होत्या. काय समजल्या असतील देव जाणे.

@कात्री_कंगवा ताई, मेहंदी पाल्याचीच, बाजारातली सुटी. पण खरं सांगते, दोन-तीन वेळा घाईत काळ्या मेहंदीची पुडी पण लावली होती. गेल्या दिवाळीच्या आधी.

मास्तर_इचलकरंजी
मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मध्ये बोलतो.

मेहंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. काळ्या केसांवर नुसती लालसर चमक, पांढऱ्यावर भगवा. त्यापलीकडे शुद्ध मेहंदीला रंगच नाही. त्यामुळे ज्या पुडीवर 'काळी मेहंदी' लिहिलंय तिच्यात दुसरं काहीतरी असलंच पाहिजे. एक तर निळीच्या झाडाची पूड, नाहीतर पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन, जे बहुतेक पक्क्या गडद डायमध्ये असतं. काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. म्हणजे 'मी डाय लावत नाही, काळी मेहंदी लावते' असं म्हणणाऱ्या पुष्कळ जणी डायच लावत असतात.

धातूचा अंश केसांवर असेल आणि वरून पेरॉक्साइडचा कलर (खोक्यातला पक्का कलर तोच) लावला, तर मिश्रण तापू शकतं, केस तुटू शकतात, रंग भलताच येऊ शकतो. ताईंची कढई लोखंडी आहे हेही विसरू नका. म्हणून डोक्याला हात लावायच्या आधी एका बटेवर प्रयोग. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची, धातूची नाही.

एक अवांतर: पॅरिसमधल्या ज्या तरुण रसायनतज्ज्ञानं स्वतः केसांचा रंग बनवून तिथल्या केशभूषाकारांना विकायला सुरुवात केली, त्याची कंपनी १९०९ ची. आजची लॉरिआल ती. मूळ युक्ती अजून तीच आहे. बिनरंगी बारीक रेणू केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, आणि मग बाहेर पडू शकत नाहीत.

दूधकट्टा_९वाजता
म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये एकेकटे शिरलेले पाहुणे आत गप्पात अडकतात तसं.

मास्तर_इचलकरंजी
हे मी वर्गात वापरणार.

शाहूपुरी_सहावी
या धाग्यावर मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सगळ्यांनी वाचा. माझी आई वीस वर्षं एकच काळा डाय लावायची. कधी काही झालं नाही. तीन वर्षांपूर्वी लावला, रात्री कपाळाला खाज, सकाळी उठली तर दोन्ही डोळे सुजून बंद. कपाळ असं पुढे आलेलं की आम्ही ओळखलं नसतं. दवाखान्यात दोन दिवस काढले. डॉक्टर म्हणाले पीपीडीची ॲलर्जी, ती वीस वर्षांनीसुद्धा उद्भवू शकते, आणि एकदा आली की जात नाही. आता आईला पीपीडी असलेलं काही चालत नाही, काळी मेहंदीसुद्धा नाही.

खोक्यात कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास थांबा. आमच्या घरात तो कागद कधी उघडला पण नव्हता. ताई, तुम्ही काळ्या मेहंदीची पुडी लावली होती म्हणता, तेव्हा डोकं खाजलं होतं का? आठवून बघा.

मंगळवार_पेठ
नाही खाजलं. पण तुझं वाचून अंगावर काटा आला गं. आई आता बऱ्या आहेत ना? चाचणी नक्की करते.

शाहूपुरी_सहावी
बरी आहे. पांढऱ्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा घालते, मिजास वाढली आहे.

पुण्यातली_कोल्हापुरी
बघा! मी काय म्हणत होते?

कात्री_कंगवा
शाहूपुरीच्या बाईंचं शंभर टक्के. आणि 'अमोनिया नाही' लिहिलंय म्हणून बिनधास्त होऊ नका. अमोनियाच्या जागी दुसरं असतं, वास कमी येतो एवढंच. पीपीडी त्यात पण असू शकतं, मागे घटक वाचा. भुवयांना आणि पापण्यांना तर कुठलाच केसांचा डाय लावायचा नाही, डोळ्याशी खेळ नको.

ताई, आता शेड. काळा नको. तुमच्या मालकांना सांगा, काळा एकदा चढवला की काढणं महाकठीण. वरून ब्राऊन लावला तर उतरत नाही, कलरनं कलर उजळत नसतो. शिवाय पंचेचाळिशीनंतर एकसारखा निळसर काळा लावला की चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. डोक्यावर टोपी घातल्यासारखं होतं. गडद तपकिरीनं चेहरा मऊ दिसतो.

तुमची कांती उबदार, म्हणून पुस्तकी उत्तर सोनेरी झाकेचं येईल, .३. पण तुमच्या केसांत आधीच मेहंदीची भट्टी पेटलेली आहे! त्यावर सोनेरी किंवा तांबूस घातलं की पुढचं डोकं आणखी भडकणार. म्हणून माझं मत: साधा ३, किंवा साधा ४, झाक काही नाही. ऊब मेहंदी आपोआप देईल. लाली अगदीच नको असेल तर .१ ची राखाडी झाक तांबड्याला मारते, पण ती तुमच्या चेहऱ्याला पैंजणासारखी दिसेल.

बटेची चाचणी ३ आणि ४ दोन्हीची करा. आणि हो, रंगपंचमी होऊ द्या मग रंगवा. कलर केलेला केस तहानलेला असतो, मिळेल तो रंग पितो. माझ्या एका गिऱ्हाइकानं रंगपंचमीच्या आदल्या दिवशी केलं होतं, महिनाभर मानेवर हिरवी बट घेऊन फिरली.

मंगळवार_पेठ
चाचणीचा अहवाल.

गुंतवळाचा डबा काढला (भांडीवालीसाठी साठवते, एका पातेलीपुरतं झालंय). त्यातले भगवे-पांढरे वेगळे केले. शिवाय कानामागची एक बारीक बट कापली, त्यात दोन्ही जातीचे केस. दोऱ्यानं बांधून चार जुड्या केल्या. मास्तर म्हणाले तशी काचेची वाटी. मिश्रण तापलं नाही, धूर नाही, केस रबरासारखे ताणले नाहीत. ३५ मिनिटांनी धुतलं, वाळवलं, पांढऱ्या कागदावर चिकटवून गच्चीवर उन्हात नेलं.

३ नंबर: घरात काळा दिसतो, उन्हात कॉफीसारखा. भगवे केस पूर्ण झाकले.
४ नंबर: काळ्यांवर काही फरक नाही. भगव्यांवर पिकल्या चिंचेसारखा लालसर तपकिरी. सुंदर आहे, पण मागच्यांशी जुळत नाही.

मुलगी म्हणते ४. नवऱ्यानं दोन्ही बघून विचारलं, "यातला रंगवलेला कुठला?"

कोपराची चाचणी चालू आहे, चोवीस तास झाले, काही नाही.

गुजरी_गल्ली
दोन्ही मिसळून?

कात्री_कंगवा
सोनाराचं डोकं चालतंय! बरोबर. एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे आहेत ना? मग निम्मे-निम्मे. नाही तरी तुमच्या लांबीला आणि दाटपणाला एक खोकं पुरणारच नव्हतं, दोन लागणार. पण एकदम कालवू नका. आधी पुढच्यापुरतं कालवा, मग मागचं. कालवलेलं मिश्रण उरलं तर टाकून द्यायचं, बाटलीत घट्ट झाकून ठेवायचं नाही, आत वायू धरतो आणि बाटली फुटते.

क्रम असा. त्या दिवशी शाम्पू नको, आदल्या दिवसाचं तेलकट डोकं चालतं, टाळूला बरं असतं. कपाळाच्या कडेला, कानाला, मानेला व्हॅसलिन. जुना गाऊन घाला, पांढऱ्या फरशीवर जुनं वर्तमानपत्र. सुरुवात कानशिलं आणि भांगापासून, तिथल्या पांढऱ्या केसांना वेळ जास्त लागतो. मागचं नंतर. लांबीवर शेवटची दहा मिनिटं. खोक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, "अजून पाच मिनिटं ठेवू, जरा पक्का बसेल" हा आपल्या बायकांचा रोग आहे.

मंगळवार_पेठ
झालं एकदाचं. ४८ तास कोपर स्वच्छ, रंगपंचमी होऊन आठवडा झाला, काल दुपारी मुलीला हाताशी घेऊन बसले.

निकाल सांगते. लांबी आणि मागचं डोकं अप्रतिम. उन्हात आलं की कळतं, सावलीत कुणाला पत्ता लागत नाही. कानशिलं झाकली गेली. पण भांगाला, मुळापाशी, साधारण एक बोट पट्टा बाकीच्यापेक्षा उजळ आणि तांबूस आलाय. असं का? आणि उजव्या कानावर एक डाग आहे, तो सासूबाईंनी लांबूनच बघून "रंग लागलाय" असं जाहीर केलं.

कात्री_कंगवा
उन्हात बसून लावलं का?

मंगळवार_पेठ
मागच्या गॅलरीत. ऊन होतं. वरून प्लास्टिकची टोपी. तुम्हाला कसं कळलं?

कात्री_कंगवा
टाळूची स्वतःची ऊब असते, त्यावर ऊन आणि टोपी. मुळांना रंगाची क्रिया जोरात झाली, तिथला काळा जास्त उजळला आणि खालची लाली वर आली. घाबरू नका, उजेडात तुम्हालाच दिसतंय. साधा ३ थोडासा कालवून फक्त त्या पट्ट्यावर लावा. पण आज नाही, आठ दिवस जाऊ द्या, टाळूला विसावा हवा. साखरपुड्याला भांग जरा डावीकडून काढा आणि गजरा पुढे ओढा, झालं. कानाचा डाग खोबरेल तेलाच्या बोळ्यानं हळूहळू चोळा. दोन दिवस केस धुऊ नका, नंतर सौम्य शाम्पू, पाणी कोमट. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या. बोअरमधल्या लोहानं रंग पितळी होतो.

दूधकट्टा_९वाजता
आता दाढी?

कात्री_कंगवा
दादा, डोक्याच्या डायनं दाढी रंगवायची नाही, चेहऱ्याची कातडी नाजूक. दाढीचा वेगळा मिळतो, त्याची पण कोपरावर चाचणी. आणि मिशी काळी, दाढी पांढरी असं चालतं की. रुबाबदार दिसता.

दूधकट्टा_९वाजता
मिशीच पांढरी आहे. दूध पिऊन आलो की सगळ्यांचीच असते.

मंगळवार_पेठ
साखरपुडा पार पडला. भांग डावीकडून, गजरा पुढे. साज मोरपंखीवर असा काही उठला की पुतणीच्या सासूनं गुजरीतलं दुकान विचारलं. केसांबद्दल कुणीच काही बोललं नाही, फक्त मोठी नणंद म्हणाली, "तू काय बारीक झालीस का?" @पुण्यातली_कोल्हापुरी, तुझा पांढरा मार्ग मी पन्नाशीला विचारात घेते, शब्द आहे.

आता पुढचा प्रश्न. रंगवून अठरा दिवस झाले. भांगाला अर्धा सेंटीमीटर पांढरी रेघ आली आहे, खालचा तांबूस पट्टा पण तसाच आहे. परवा चैत्र पौर्णिमा, जोतिबाला जायचंय. आधी टचअप करू की आल्यावर?

कात्री_कंगवा
आल्यावर! गुलालाचं डोंगरावर काय होतं ते माहीत नाही का तुम्हाला? डोक्याला खोबरेल तेल चोपडा, घट्ट वेणी, वरून सुती रुमाल. परत आला की गुलाल आधी कोरडा झटका, मग धुवा. पाणी लागलं की तो बसला. चार दिवसांनी फक्त मुळांना आणि त्या पट्ट्याला लावा, साधा ३. शेंड्यांना परत परत लावलं तर तिथे थर चढून काळं होतं. कालवायच्या आधी कोपरावर पुन्हा चाचणी, मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून सोडायची नाही. मी पण निघालोय जोतिबाला, माझे तर सगळे पांढरेच आहेत. येताना गुलाबी होऊन येतो.